मूल होत नाही? दोघांनीही तपासून घ्या

लग्नाला चार वर्षं झाली. घरात पाळणा हलला नाही. मग गाव काय म्हणतं? "सून वांझ आहे." नवस होतात, गंडेदोरे होतात. कुणी म्हणतं, "पोराचं दुसरं लगीन लावा." पण "पोरालाही तपासा" असं कुणी म्हणतं का?

पेरणीआधी आपण बियाण्याची उगवण बघतो. शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवतो. किती उगवले ते मोजतो. बी न बघता रानाला नावं ठेवत नाही. मग इथंच असं का?

मूल होण्यास दोन बीजं लागतात. एक बाईचं, एक पुरुषाचं. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्या ठिकाणी पुरुषाकडेही कारण सापडतं. कधी एकट्या त्याच्यात, कधी दोघांत.

पुरुष म्हणतो, "डॉक्टर, माझी तपासणी कशाला? मी दोन मणांचं पोतं उचलतो."

डॉक्टर म्हणतात, "अहो, दंडातली ताकद वेगळी आणि बीज वेगळं. ते दुर्बिणीखालीच दिसतं."

पुरुषाचं बीज कशानं बिघडतं?

विडी, तंबाखू आणि फार दारू यांनी बीज कमी होतं, मंद होतं. लठ्ठपणाही वाईट.

बीज तयार होण्यास अंगापेक्षा थोडा गारवा लागतो. म्हणून तर अंडकोश शरीराबाहेर असतो. वीटभट्टीपुढे, गुळाच्या चुलवणापुढे रोज तासन्‌तास बसणाऱ्यांनी मधून मधून गार जागी जावं.

फवारणीची औषधंही जपून वापरा. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यात डीबीसीपी नावाचं औषध बनत असे. ते पिकाच्या मुळांवरच्या कृमी मारण्याचं होतं. तिथल्या कामगारांना मुलं होईनात. १९७७ साली त्यांना तपासलं. कित्येकांच्या वीर्यात बीज फार कमी होतं, काहींच्यात मुळीच नव्हतं. म्हणून फवारताना हातमोजे घाला, तोंड-नाक झाका. मग साबणानं आंघोळ करा.

अंग भरावं म्हणून काही पोरं सुया टोचून घेतात. त्यातल्या काही औषधांनी बीज तयार होणंच थांबतं.

"पुरुषाला वय नसतं" असं म्हणतात. ते खरं नाही. म्हातारपणीही कुणाला मूल होतं. पण चाळिशीनंतर बीजाचा जोर हळूहळू कमी होतो. दिवस राहण्यास वेळ लागतो. गर्भ पडण्याची भीतीही वाढते.

आता चांगली गोष्ट ऐका. नवं बीज तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. आज विडी सोडली, तर तीन महिन्यांनी फरक दिसू शकतो. मात्र सगळीच कारणं सवयीची नसतात. अंडकोशाच्या शिरा फुगलेल्या असतात, किंवा मोठेपणी गालगुंड होऊन गेलेलं असतं. त्यासाठी डॉक्टरच हवा.

वर्षभर एकत्र राहून दिवस गेले नाहीत, तर दोघं मिळून दवाखान्यात जा. बायकोचं वय पस्तिशीच्या पुढं असेल, तर सहा महिनेच थांबा. पुरुषाची तपासणी सोपी आहे. त्याआधी दोन ते सात दिवस संबंध टाळावा लागतो. बाटलीत वीर्य द्यायचं, एवढंच. टोचणं नाही, कापणं नाही. यात कमीपणा कसला?

सांगा पाहू:
१. मूल होत नसेल तर कुणी कुणी तपासून घ्यावं?
२. नवं बीज तयार होण्यास किती दिवस लागतात?
३. फवारताना कोणती काळजी घ्याल?