बेटावरील घर केव्हा विकावे?

घर विकण्याचा प्रश्न वरवर पाहता केवळ भावाचा वाटतो. भाव चढला की विकावे, उतरला की थांबावे, असा सोपा सल्ला सर्वत्र दिला जातो. विस्तीर्ण देशात तो काही अंशी उपयोगी पडतोही. शहरातील घर चढ्या भावाने विकून माणूस दूरच्या गावी स्वस्त घर घेतो आणि मधली रक्कम त्याच्या गाठीला राहते. परंतु ज्याचा सारा देशच एका बेटावर सामावलेला आहे, त्याने कोठे जावे? या प्रश्नाचा विचार प्रस्तुत पाठात आपण सिंगापूरच्या उदाहरणाने करू.

समुद्रात भर घालूनही सिंगापूरचे क्षेत्रफळ ७३० चौरस किलोमीटरांहून थोडेसेच अधिक आहे. तेथील गृहनिर्माण व विकास मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले. १९६४ पासून मंडळाने सदनिका विकण्यास प्रारंभ केला आणि १९६८ पासून नागरिकांना आपल्या भविष्य निर्वाह निधीतील रक्कम घरासाठी वापरण्याची मुभा मिळाली. आज तेथील दहा रहिवाशांपैकी जवळजवळ आठ जण मंडळाच्या सदनिकांत राहतात. मात्र यांतील विकलेल्या बहुतेक सदनिका ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेल्या असतात. घराची मालकी आहे, पण तिला मुदत आहे, ही गोष्ट वाचकांनी आरंभीच ध्यानात ठेवावी.

दोन किमतींमधील अंतर

बेटावर घर विकणाऱ्याला बहुधा त्याच बाजारात दुसरे घर घ्यावे लागते. म्हणून त्याच्या दृष्टीने महत्त्व एका किमतीला नसून दोन किमतींमधील अंतराला असते. समजा, एका कुटुंबाची सदनिका ५ लाख डॉलरची आहे आणि त्याला ८ लाखांचे मोठे घर घ्यावयाचे आहे. अंतर ३ लाखांचे. सर्व भाव शेकडा २० वाढले, तर जुने घर ६ लाखांना जाईल, पण नवे ९ लाख ६० हजारांना पडेल. अंतर ३ लाख ६० हजार झाले. भाववाढीने हे कुटुंब ६० हजारांनी मागे पडले. उलट, ५ लाखांचे घर विकून ३ लाखांच्या लहान घरात जाऊ इच्छिणाऱ्या वृद्ध दांपत्याला त्याच वाढीमुळे २ लाखांऐवजी २ लाख ४० हजार मिळतील. तात्पर्य, मोठ्या घरात जाणाऱ्याला मंदी सोयीची, लहान घरात जाणाऱ्याला तेजी.

ही तेजी-मंदी आधी ओळखणे मात्र कठीण असते. सिंगापुरातील खाजगी घरांचे भाव १९९६ मध्ये शिखरावर होते. त्या वर्षीच्या मे महिन्यात सरकारने सट्टेबाजीविरुद्ध उपाय योजले, पुढच्या वर्षी आशियाई आर्थिक संकट आले आणि भाव वेगाने कोसळले. मंडळाच्या सदनिकांचे पुनर्विक्रीचे भाव २०१३ मध्ये शिखर गाठून पुढे काही वर्षे हळूहळू उतरत गेले आणि २०२० नंतर पुन्हा चढले. हाँगकाँगमध्ये तर १९९७ ते २००३ या काळात भाव निम्म्याहूनही खाली आले आणि ज्यांचे कर्ज घराच्या किमतीहून अधिक झाले, अशा कर्जदारांची संख्या एक लाखावर गेली.

घटता भाडेपट्टा

भाडेपट्ट्याचे घड्याळ मात्र तेजीतही थांबत नाही आणि मंदीतही नाही. सरकारी मूल्यमापनाच्या कोष्टकात ६० वर्षांच्या पट्ट्याचे मोल कायम मालकीच्या शेकडा ८० धरले जाते आणि ३० वर्षांच्या पट्ट्याचे शेकडा ६०. म्हणजे ६० वरून ३० वर्षांवर येताना २० टक्के जातात. उरलेल्या ३० वर्षांत मात्र ६० टक्के जातात. उतार आरंभी सौम्य असतो, पुढे तो कड्यासारखा तुटतो.

यात गिऱ्हाइकाची अडचणही मिळते. मे २०१९ पासूनच्या नियमांनुसार, उरलेला पट्टा सर्वांत तरुण खरेदीदाराच्या वयाच्या ९५ व्या वर्षापर्यंत पुरत नसेल, तर त्याला भविष्य निर्वाह निधीतून त्या प्रमाणात कमी रक्कम वापरता येते. पस्तीस वर्षांच्या खरेदीदाराला ६० वर्षांचा पट्टा हवा. पट्टा त्याखाली गेला की तरुण गिऱ्हाइके एकेक करून दूर होऊ लागतात.

जुन्या इमारती सरकार पुनर्विकासासाठी घेईल आणि उत्तम मोबदला देईल, या आशेवर अनेक जण थांबून राहिले होते. परंतु १९९५ पासून अशा योजनेसाठी निवडलेल्या सदनिका एकंदर सदनिकांच्या सुमारे ४ टक्केच आहेत, असे २०१७ मध्ये तत्कालीन राष्ट्रीय विकासमंत्री लॉरेन्स वाँग यांनी स्पष्ट केले. अपवादाला नियम समजून केलेला हिशेब चुकणारच.

हाती काय उरते?

विक्रीची किंमत म्हणजे हाती येणारी रोकड नव्हे. घरासाठी निधीतून काढलेली रक्कम विक्रीनंतर व्याजासह निधीत परत भरावी लागते. समजा, वीस वर्षांपूर्वी दीड लाख डॉलर काढले होते. दरसाल शेकडा अडीच दराने चक्रवाढ व्याज धरता त्याचे सुमारे २ लाख ४६ हजार होतात. घर ५ लाखांना विकले, ६० हजारांचे कर्ज फेडले आणि निधीची भरपाई केली, की रोख उरतात १ लाख ९४ हजार. निधीतील पैसा आपलाच असतो, हे खरे. पण तो वाटेल तेव्हा वाटेल त्या कामी लावता येत नाही.

घाईने विकणाऱ्यासही दंड आहे. मंडळाच्या सदनिकेत सामान्यतः किमान पाच वर्षे राहावे लागते. ४ जुलै २०२५ पासून खरेदी केलेले खाजगी घर चार वर्षांच्या आत विकल्यास विक्रेत्याला मुद्रांक शुल्क पडते. पहिल्या वर्षी १६ टक्के, चौथ्या वर्षी ४ टक्के.

निर्णयाची कसोटी

आता सत्तरीतील एक दांपत्य कल्पू. मुले आपापल्या घरी गेली आहेत; निवृत्तिवेतन असे काही नाही; जे काही संचित आहे ते या चार भिंतींतच आहे. पट्ट्याची ५८ वर्षे उरली आहेत. आणखी थोडा भाव येऊ दे, असे म्हणत ती दोघे दहा वर्षे थांबली, तर पट्टा ४८ वर्षांवर येईल, खरेदीदार कमी होतील आणि जिने, सामान, नवा शेजार यांना तोंड देण्याची त्यांची शक्तीही उरणार नाही. त्यांना घर सोडवतच नसेल, तर २००९ पासून तिसरा मार्गही उपलब्ध आहे: पट्ट्याची अखेरची काही वर्षे मंडळाला विकावीत आणि स्वतः त्याच घरात राहावे. पासष्ट वर्षांवरील पात्र मालकांना हे करता येते. वारसांच्या वाट्याला मात्र त्यामुळे कमी येते, आणि ही गोष्ट मुलांशी आधीच बोलून ठेवणे शहाणपणाचे.

सारांश, बेटावर घर विकण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःस विचारावेत: यानंतर मी राहणार कोठे? माझ्या पट्ट्याची किती वर्षे उरली आहेत? आणि सर्व देणी फेडून हाती काय उरेल? या तिन्हींची उत्तरे मिळाली, म्हणजे भाव शिखरावर आहे की नाही, हा प्रश्न बराचसा गौण ठरतो. शिखर कोणते होते हे उतरू लागल्यावरच कळते. आपले वय आणि पट्ट्याची मुदत मात्र आजही अचूक मोजता येते.