हरित इमारत व तिची परीक्षा

गेल्या मे महिन्यांत आमचा एक जुना विद्यार्थी आम्हांस आपलें कार्यालय दाखविण्यासाठीं मुद्दाम घेऊन गेला. शहराबाहेरील नव्या रस्त्यावर ही दहा मजल्यांची इमारत उभी आहे. तिच्या चारी बाजूंस खालपासून वरपर्यंत निळसर कांच आहे. प्रवेशद्वाराशीं भिंतींत एक पाटी बसविलेली असून ही इमारत 'हरित' असल्याचें प्रमाणपत्र तिला मिळालें आहे, असें तींत नमूद केलें आहे. त्या पाटीचा आमच्या विद्यार्थ्यास अभिमान वाटत होता. आम्ही सातव्या मजल्यावर गेलों. दुपारचे तीन वाजले होते व बाहेर डोळे दिपवील असें ऊन होतें. आंत मात्र पश्चिमेकडील सर्व कांचांवर पडदे ओढलेले होते आणि डोक्यावर एकूण एक दिवे जळत होते. एक मुलगी अंगाभोवतीं शाल लपेटून काम करीत बसली होती.

आम्हीं त्यास विचारलें, "बाळ, ही पाटी ह्या इमारतीस कशाबद्दल मिळाली?"

"सर, तें मला नक्की सांगतां येणार नाहीं," तो म्हणाला.

खरें सांगावयाचें तर तें आम्हांसही सांगतां आलें नसतें. घरीं परतल्यावर ह्या विषयावर जें वाचन केलें तेंच येथें मुलांसाठीं व त्यांच्या पालकांसाठीं मांडीत आहों.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहूं. हरित इमारत म्हणजे हिरव्या रंगानें रंगविलेली किंवा कुंड्यांनीं सजविलेली इमारत नव्हे. जी बांधतांना व पुढें वापरतांना वीज, पाणी व बांधकामाचें साहित्य कमींत कमी खर्ची पडतें, जी आपला मैला व सांडपाणी दुसऱ्याच्या दारांत लोटीत नाहीं, आणि जींत काम करणारास पुरेसा उजेड व स्वच्छ हवा मिळते, ती हरित इमारत होय. ह्यांतील पाण्याचें गणित सोपें आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलीमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होतें. पुण्यास वर्षाला सुमारें ७०० मिलीमीटर पाऊस पडतो. तेव्हां हजार चौरस मीटरांच्या छपरावर सात लक्ष लिटर पाणी उतरतें. तें गटारांत सोडावयाचें कीं टाकींत व जमिनींत मुरवावयाचें, एवढाच प्रश्न उरतो. परंतु उष्णतेचें प्रकरण इतकें सोपें नाहीं, म्हणून त्याजकडे अधिक लक्ष देऊं.

मुंबई सुमारें १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणून मे महिन्याच्या मध्यास व जुलईच्या अखेरीस माध्यान्हीं सूर्य तेथें बरोबर डोक्यावर येतो. हिंवाळ्यांत तो दक्षिणेकडे कलतो, तरी २२ डिसेंबरच्या माध्यान्हींही क्षितिजापासून सुमारें ४७ अंश वर असतो. ह्याचा अर्थ असा कीं, दक्षिणेच्या खिडकीवर बेताचा सज्जा काढला तरी तिला बरीच सांवली मिळते. पूर्व व पश्चिम ह्यांची गोष्ट निराळी. सकाळीं व तिसऱ्या प्रहरीं सूर्य खालीं असतो. त्याचे किरण तिरपे येऊन सज्ज्याखालून थेट आंत शिरतात. म्हणून जाणता स्थापत्यकार इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम ठेवतो व तिच्या आंखूड बाजूंस खिडक्या थोड्या करतो. मुंबईच्या कोट विभागांत दादाभाई नौरोजी मार्गावर दुतर्फा ज्या जुन्या व्यापारी इमारती आहेत, त्यांच्या खालून कमानींची सलग ओळ गेलेली आहे. पादचाऱ्यास ऊन व पाऊस लागूं नये हा तिचा हेतु. पण तिच्या आड दुकानाची भिंतही सांवलींत राहते. त्या काळीं प्रमाणपत्रें नव्हतीं.

आतां कांचेचा गुण पाहा. सूर्यप्रकाश कांचेंतून सहज आंत येतो. आंतल्या वस्तूंवर पडून त्याची उष्णता होते, आणि तापलेल्या वस्तूंपासून जे दीर्घ लहरींचे अदृश्य किरण निघतात, त्यांस साधी कांच परत बाहेर जाऊं देत नाहीं. शिवाय तापलेली हवाही आंतच कोंडली जाते. आठवीच्या व नववीच्या मुलांनीं पुढील प्रयोग अवश्य करून पाहावा. पादत्राणांचीं तीन सारखीं खोकीं घ्या. प्रत्येकांत एकेक उष्णतामापक ठेवून वर कांचेचा तुकडा बसवा. पहिलें खोकें तसेंच असूं द्या. दुसऱ्यांत कांचेच्या खालच्या बाजूस कापड ताणून लावा. तिसऱ्यावर कांचेच्या वर, चार बोटें अंतर सोडून, पुठ्ठा धरा. तिन्हीं खोकीं अर्धा तास उन्हांत ठेवा. तिसरें खोकें सर्वांत थंड राहील. दुसऱ्यांत कापड असूनही त्याची बरोबरी होणार नाहीं. कारण कापडावर पडलेला प्रकाश आधींच कांच ओलांडून आंत आलेला असतो व बरीचशी उष्णता तेथेंच राहते. सातव्या मजल्यावरील पडदा म्हणजे हें दुसरें खोकें! पडद्यानें उजेड अडला म्हणून दिवे लागले. दिव्यांनीं आपली उष्णता भर घातली. आणि ही सर्व उष्णता बाहेर काढण्यासाठीं शीतयंत्रें अहोरात्र राबूं लागलीं. कांचेवर विशेष लेप देऊन हा दोष पुष्कळसा कमी करतां येतो, हें खरें. पण जी उष्णता मुळांत आंत आलीच नाहीं तिला बाहेर काढण्याचा खर्च नाहीं.

हें तत्त्व ध्यानांत ठेवून बांधलेली एक इमारत हैदराबादेस आहे. भारतीय उद्योग महासंघाच्या सोहराबजी गोदरेज हरित व्यवसाय केंद्राची ही इमारत असून तिचें उद्घाटन राष्ट्रपति डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्तें १४ जुलै २००४ रोजीं झालें. तिचे स्थापत्यकार करण ग्रोव्हर. इमारत वर्तुळाकार असून मध्यें अंगण आहे. आंतील दालनांस त्या अंगणांतून उजेड मिळतो. भिंतींस जागोजाग जाळ्या आहेत. आंत येणारी हवा उंच वायुमनोऱ्यांतून थंड होऊन येते. छपराच्या मोठ्या भागावर माती पसरून हिरवळ लावली आहे व कांहीं भागावर सूर्यप्रकाशापासून वीज करणारे पत्रे आहेत. सांडपाणी वनस्पतींच्या मुळांतून गाळून बागेस दिलें जातें. जाळी, अंगण, मातीचें छप्पर! ह्यांतलें आमच्या आजोबांस काय अपरिचित होतें? 'लीड' नांवाच्या अमेरिकन परीक्षेंत ह्या इमारतीस ६९ पैकीं ५६ गुण मिळाले आणि 'प्लॅटिनम' हा सर्वोच्च दर्जा अमेरिकेबाहेर प्रथम तिलाच प्राप्त झाला. पुढें २०१४ सालीं दिल्लीस इंदिरा पर्यावरण भवन उभें राहिलें. त्याच्या माथ्यावर ९३० किलोवॅट शक्तीचे सौरपत्रे आहेत, आणि वर्षभरांत जितकी वीज लागेल तितकी तेथेंच निर्माण व्हावी अशी त्याची योजना आहे.

परीक्षांचा इतिहास थोडक्यांत असा. अशा प्रकारची पहिली परीक्षा 'ब्रीॲम' ही इंग्लंडांत १९९० सालीं सुरू झाली. अमेरिकेंत १९९३ सालीं हरित इमारतींची परिषद स्थापन झाली व तिनें १९९८ सालीं 'लीड' पद्धति प्रयोगादाखल आणली. आपल्याकडे भारतीय हरित इमारत परिषद २००१ सालीं निघाली; आणि दिल्लीची 'टेरी' ही संस्था व केंद्र सरकार यांनीं मिळून 'गृह' ही देशी पद्धति २००७ पासून चालू केली. तिच्या लांबलचक इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांपासून नेमका 'गृह' हा शब्द व्हावा, ह्यांत योजकांनीं थोडी खटपट केली असावी असें दिसतें. असो.

ह्या परीक्षा आपल्या शाळेच्या परीक्षेसारख्याच आहेत. विषय अनेक : जागेची निवड, पाणी, वीज, साहित्य, आंतील हवा. प्रत्येकास गुण. 'लीड'च्या २००९ च्या पद्धतींत एकूण ११० गुण असून ४० मिळाले कीं प्रमाणपत्र, ५० ला रौप्य, ६० ला सुवर्ण व ८० च्या पुढें प्लॅटिनम असे दर्जे ठरले. परंतु गुणांची बेरीज करणाऱ्या कोणत्याही परीक्षेंत एक अडचण असते, ती आम्हां शिक्षकांस चांगली ठाऊक आहे. कठीण विषय सोडून सोप्या विषयांवर भर देणारा मुलगाही वर जातो. पूर्वींच्या 'लीड'मध्यें सायकली ठेवण्याची व कपडे बदलण्याची सोय केल्यास एक गुण मिळे. सायकल ही उत्तम वस्तु आहे; पण जेथें सायकलीवर कोणी येतच नाहीं अशा जागींही तो गुण घेतां येई. शिवाय, विजेबद्दलचे गुण इमारत उभी राहण्यापूर्वीं नकाशांवरून केलेल्या हिशेबावर दिले जात. प्रत्यक्ष किती वीज जळली तें पुढें कळावयाचें.

तें २००८ सालीं कळलें. अमेरिकेंतील १२१ प्रमाणित इमारतींच्या प्रत्यक्ष विजेचा अभ्यास त्या वर्षीं प्रसिद्ध झाला. सरासरीनें ह्या इमारती इतरांहून बऱ्याच काटकसरी ठरल्या, ही गोष्ट निर्विवाद नमूद केली पाहिजे. पण निम्म्याहून अधिक इमारतींचा प्रत्यक्ष खर्च नकाशांवरील अंदाजापासून २५ टक्क्यांहून अधिक दूर गेला होता; कांहींचा अंदाजापेक्षां पुष्कळ कमी, तर कांहींचा फार अधिक. शुभवर्तमानांतील दोन घरांचा दाखला मुलांस पाठ आहेच. एक घर खडकावर होतें, दुसरें वाळूवर. पण पाऊस व पूर येईपर्यंत रस्त्यानें जाणारास दोन्हीं घरें सारखींच दिसलीं असतील. प्रमाणपत्र पावसापूर्वीं दिलें गेलें होतें, हाच त्यांतला दोष. टीका झाली, तिचा परिणामही झाला. २००९ च्या 'लीड'नें प्रमाणित इमारतींनीं पांच वर्षें आपल्या वीजपाण्याचे आंकडे कळवावे अशी अट घातली. 'गृह'चा दर्जाही पांच वर्षांपुरता देण्याची व पुन्हां तपासणीनंतर वाढविण्याची पद्धत पडली.

आमच्या मतें ह्याहून सरळ परीक्षा आपल्याच देशांतील ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोनें २००९ सालीं कार्यालयांसाठीं काढली. तिच्यांत नकाशा विचारीत नाहींत. वर्षभरांत जळलेले विजेचे युनिट घ्यावयाचे व त्यांस बांधीव चौरस मीटरांनीं भागावयाचें, कीं झालें. निम्म्याहून अधिक भाग शीतयंत्रांनीं थंड केलेल्या, उष्ण व दमट हवेच्या ठिकाणच्या कार्यालयांसाठीं तेव्हां ठरलेलें कोष्टक असें : २०० ते १७५ ला एक तारा, १७५ ते १५० ला दोन, १५० ते १२५ ला तीन, १२५ ते १०० ला चार आणि १०० च्या खालीं पांच. उदाहरण करूं. मुंबईंतील एका कार्यालयाचें क्षेत्रफळ ४,००० चौरस मीटर असून त्याची वर्षाची वीज ५,२०,००० युनिट आहे. भागाकार १३०, म्हणजे तीन तारे. पांच तारे हवे असल्यास वर्षाला १,२०,००० युनिटांहून अधिक बचत केली पाहिजे. ती कोठून करावी? बाहेरून सांवली, उजेडाच्या खिडकीशीं निजलेले दिवे, आणि शीतयंत्राचा कांटा. २०१८ सालीं केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानें कार्यालयांत शीतयंत्र २४ अंशांवर ठेवावें अशी सूचना केली; एक अंश वाढविल्यास सुमारें ६ टक्के वीज वांचते, असा त्यामागील हिशेब. शाल घेतलेल्या मुलीच्या दालनांत कांटा १९ वर होता.

कोणी विचारील, पाटी खरी कीं खोटी ह्यानें आमचें काय बिघडतें? बिघडतें असें. २०२० च्या राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीप्रमाणें हरित दर्जा मिळविणाऱ्या इमारतीस तीन ते सात टक्क्यांपर्यंत अधिक चटईक्षेत्र बांधावयास मिळतें. म्हणजे गांवाच्या आकाशाचा, रस्त्याचा व नळाच्या पाण्याचा कांहीं भाग त्या पाटीच्या मोबदल्यांत गांवानें दिलेला असतो. शिवाय नव्या इमारतीचा सिमेंटही विसरूं नये. एक टन सिमेंट करतांना अर्ध्या टनाहून अधिक कर्बवायु हवेंत जातो. चांगली जुनी इमारत पाडून तिच्या जागीं हरित इमारत उभारणारानें हा खर्च आपल्या खातीं आधीं मांडावा. पाडण्यापेक्षां दुरुस्ती बहुधा अधिक हरित ठरते.

आमच्या विद्यार्थ्यास हें गणित आम्हीं पत्रानें कळविलें व त्याच्या इमारतीचा भागाकार विचारला. त्याचें उत्तर मनोरंजक आहे. दहा मजल्यांवर चार निरनिराळ्या कंपन्या भाडेकरू आहेत व प्रत्येकीचें वीजबिल वेगळें आहे. शीतयंत्राचें मोठें घर मालकाच्या ताब्यांत असून त्याचें पांचवें बिल देखभालीच्या आकारांत वांटलें जातें. ज्यानें यंत्र स्वस्त पाहून विकत घेतलें त्याला विजेचे पैसे पडत नाहींत, आणि ज्यांना ते पडतात त्यांनीं यंत्र निवडलेलें नाहीं. पांचहि बिलांची बेरीज कोणापाशींच नाहीं. तो लिहितो, "सर, तीन कंपन्यांचीं बिलें मिळालीं आहेत. चौथीचे व्यवस्थापक म्हणतात, असें आजवर कोणीं विचारलें नव्हतें. मालकाकडे मी सोमवारीं जाणार आहें."