तळ्यांतील पाणी कसें मोजावें ?

गणिताच्या तासाला आम्हीं एकदां पुढील उदाहरण घातलें : "एका गांवच्या आयताकृति तळ्यांत पाण्याच्या पृष्ठभागाची लांबी ४० मीटर, रुंदी ३० मीटर व खोली ३ मीटर आहे. गांवची वस्ती ६०० असून दर माणशीं रोज ४० लिटर पाणी लागतें. १ फेब्रुवारीपासून हें पाणी किती दिवस पुरेल ?"

बहुतेक मुलांनीं तत्काळ उत्तर दिलें : पाणी ३,६०० घनमीटर, रोजचा खर्च २४ घनमीटर, म्हणून १५० दिवस. म्हणजे जूनअखेर, तोंपर्यंत पाऊस येतोच! सर्वांस समाधान वाटलें. इतक्यांत मागच्या बांकावरील एका मुलानें उभें राहून विचारलें, "सर, तळ्याच्या बाजू सरळ आहेत कीं उतरत्या ?" या प्रश्नानें आम्हांस फार आनंद झाला.

तळें म्हणजे कांहीं पेटी नव्हे. त्याचे कांठ उतरते असतात व तळ आंखूड असतो. आमच्या तळ्याचा तळ २८ मीटर लांब व १८ मीटर रुंद आहे असें समजूं. मग मध्यावर, म्हणजे दीड मीटर खोलीवर, लांबी ३४ व रुंदी २४ मीटर होते. तिन्ही क्षेत्रफळें अनुक्रमें १,२०० (वर), ८१६ (मध्यें) व ५०४ (तळाशीं) चौरस मीटर येतात. आतां नियम असा : वरचें क्षेत्रफळ, तळाचें क्षेत्रफळ व मधल्याची चौपट यांची बेरीज करावी, तिला खोलीनें गुणावें व ६ नें भागावें. बेरीज ४,९६८, तिला ३ नें गुणून ६ नें भागल्यास २,४८४ घनमीटर. एका घनमीटरांत १,००० लिटर मावतात. तेव्हां पाणी १५० नव्हे, तर जेमतेम १०३ दिवस पुरेल, आणि १५ मे रोजीं गांव रिकामे हंडे घेऊन उभें राहील !

शिवाय सूर्यहि आपला वाटा घेतो. उन्हानें पातळी रोज अर्धा सेंटीमीटर उतरते असें मानल्यास, तळें भरलेलें असतां, रोज ६ घनमीटर पाणी उडून जातें. तितकें पाणी १५० माणसांस पुरलें असतें. पाणी उतरूं लागलें कीं पृष्ठभाग लहान होतो व हा तोटाहि घटतो. तथापि वरील दिनांक आणखी अलीकडे येतो, हें निश्चित.

तळें वेडेंवांकडें असल्यास त्याचा आकार चौकटींच्या कागदावर काढून चौकटी मोजाव्या, म्हणजे क्षेत्रफळ मिळतें. खुणा केलेल्या दोरीस दगड बांधून सारख्या अंतरांवर पुष्कळ ठिकाणीं खोली घ्यावी व तिची सरासरी काढावी. क्षेत्रफळ गुणिलें सरासरी खोली म्हणजे पाणी. सर्वांत मोठी खोली घेणें ही नेहमींची चूक होय. पसरट कढईसारख्या तळ्यांत अशा रीतीनें पाणी जवळजवळ दुप्पट भासतें. जुन्या मापावरहि विसंबूं नये. दर पावसाळ्यांत गाळ सांचून तळ वर येत असतो.

मोठ्या धरणांचें पाणी टी.एम.सी. या मापानें सांगतात. एक टी.एम.सी. म्हणजे १०० कोटी घनफूट, अर्थात् सुमारें २,८३० कोटी लिटर. कोयना धरणाची क्षमता सुमारें १०५ टी.एम.सी. आहे. माप मोठें असलें तरी तत्त्व तेंच.

विद्यार्थ्यांनीं सुटींत वडील माणसांस बरोबर घेऊन आपल्या गांवचें तळें मोजावें. एकट्यानें पाण्यांत उतरूं नये. पालकांनींहि तो हिशेब एकवार तपासून पाहावा. चुकलेलें उदाहरण वहींत खोडतां येतें; मे महिन्यांत आटलेलें तळें मात्र खोडून भरतां येत नाहीं.