छंद चिल्लर जमवण्याचा

महिनाअखेरीला चिल्लर शोधायची वेळ हॉस्टेलवर कुणाला चुकली आहे? बॅगेचे कप्पे, जीन्सचे खिसे, गादीखालचा कोपरा पालथा घालायचा आणि चहापुरते जमले की आपण खूश! पण मी ज्या चिल्लरबद्दल लिहितोय, ती कुठलाच चहावाला घेणार नाही. २५ पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली. नाणी जमवायला सुरुवात करायची तर हीच उत्तम, कारण ती स्वस्त आहेत आणि बहुतेक आपल्याच घरात पडून आहेत.

सुरुवात कुठून?

पुढच्या सुट्टीत घरी गेलात की देव्हाऱ्याचा खण, आजीचा बटवा, खिळे-स्क्रू ठेवलेला जुना डबा बघा. आणि आजीला विचारा, चवली म्हणजे किती, पावली म्हणजे किती? (उत्तर: दोन आणे, चार आणे.) पूर्वी रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे किंवा १९२ पै होत. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली आणि रुपयाचे १०० पैसे झाले. एका आण्याचे सव्वासहा! बाजारात काय गोंधळ उडाला असेल, विचार करा. जुना पैसा वेगळा कळावा म्हणून याला ‘नया पैसा’ म्हटलं आणि नाण्यावरच ‘रुपये का सौवाँ भाग’ असं छापलं. लोकांना सवय झाल्यावर १ जून १९६४ पासून ‘नया’ शब्द गेला.

पहिलं उद्दिष्ट छोटं ठेवा: १, २, ५, १०, २५ आणि ५० नवे पैसे. फक्त सहा नाणी.

नाणं कसं वाचायचं?

सालाच्या खाली बारीक खूण शोधा. पत्त्यातल्या चौकटसारखी खूण असेल तर मुंबईची टांकसाळ, चांदणी असेल तर हैदराबाद, गोल ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. (हैदराबादच्या काही नाण्यांवर दुभंगलेली चौकटही दिसते.)

मग लोहचुंबक लावा. २५ नवे पैसे निकेलचे, ते चिकटतात. चौकोनी ५ नवे पैसे तांबे-निकेलच्या मिश्रधातूचे, ते चिकटत नाहीत. १९५७ चा नवा पैसा कांस्याचा, दीड ग्रॅमचा. १९६५ पासूनचा पैसा ॲल्युमिनियमचा, चौकोनी, पाऊण ग्रॅमचा. धातू महागले आणि नाणं हलकं झालं. मटेरियल सायन्सचा अख्खा धडा तळहातावर!

माझी चूक

सेकंड इयरला आजीने मला १९५७ चा नवा पैसा दिला. काळपट होता. मी चिंच-मीठ लावून समईसारखा घासला. चकाचक झाला! मोठ्या ऐटीत तिला दाखवला. ती उलटसुलट करून म्हणाली, “हा नव्हे रे माझा. माझा काळा होता.” नवा पैसा कसा असतो ते पोरांना दाखवायला तिच्या वडिलांनी मुरबाडच्या बाजारातून तो आणला होता. साठ वर्षांचा रंग मी पाच मिनिटांत काढला होता. तेव्हापासून नियम एकच: नाणं घासायचं नाही. माती असेल तर साध्या पाण्यात बुडवा, मऊ कापडाने टिपा, पूर्ण वाळवा. कडेला धरा, घामाचे डाग पडतात. आपल्याकडचा पाऊस माहीत आहेच. प्रत्येक नाणं कागदी पाकिटात घालून डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. मऊ पीव्हीसीच्या पिशव्या नकोत, त्याने नाण्यावर हिरवा चिकटा येतो.

सावधान!

‘पाच पैशांचं नाणं द्या, लाखो मिळवा’ अशा जाहिरातींना भुलू नका. आधी फी किंवा कमिशन मागतात आणि गायब होतात. रिझर्व्ह बँकेचं नावही वापरतात. बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये याबद्दल लोकांना सावध केलं होतं. नाणी वितळवणं हा २०११ च्या नाणे कायद्याने गुन्हा आहे. आणि माहुलीच्या ट्रेकला मातीत जुनी नाणी सापडलीच तर खिशात घालू नका. १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत गाडलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ऐवज सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

पुढे गोडी लागली तर मुंबईत फोर्टला रिझर्व्ह बँकेचं नाणे संग्रहालय आहे आणि कसारा घाट चढून गेलात की नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे.

पण त्याआधी एक दोनशे पानी वही घ्या. नाणं, साल, टांकसाळ, वजन लिहा आणि शेवटचा रकाना ठेवा: ‘कुणी दिलं, काय सांगितलं’. बाकीचे रकाने पुस्तकातूनही भरता येतील. हा मात्र सांगणारं माणूस समोर आहे तोवरच भरता येतो. तेव्हा या सुट्टीतच विचारा!