अहवालाशेजारी मुलाची उंची लिहा



मी डॉक्टर नाही, समाजसेविका आहे. तरी या अंकाच्या अभ्यासासाठी मुलांच्या मूत्रपिंडाचा विषय घेतला आहे, कारण यात माझी स्वतःची चूक झाली.

धडगाव तालुक्यातील एका पाड्यावरचा साडेपाच वर्षांचा मुलगा. सकाळी डोळ्यांभोवती सूज, चेहरा फिकट, वजन वाढत नव्हते. रक्त तपासून आणले. अहवालात क्रिएटिनिन १.० होते आणि शेजारी छापले होते, 'सामान्य ०.६ ते १.२'. आईने विचारले, "ताई, चांगलं आहे ना?" मी "हो" म्हणाले.

पुढचे पाच महिने घरच्यांनी ताप आणि अंगदुखीसाठी दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून दिल्या. सूज वाढली तेव्हा आम्ही त्याला शहरातल्या मूत्रपिंडतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी तो जुना अहवाल पाहिला आणि त्या महिन्यातली उंची विचारली. अंगणवाडीच्या नोंदीत ती होती, १०५ सेंटिमीटर. ते म्हणाले, "मूत्रपिंडं तेव्हाच निम्म्याहून कमी काम करत होती."

कागद खोटा नव्हता. त्यावरची मर्यादा मोठ्या माणसांची होती.

क्रिएटिनिन काय सांगते?

क्रिएटिनिन स्नायूंमध्ये रोज तयार होते आणि मूत्रपिंडे ते लघवीवाटे बाहेर टाकतात. मोठ्या माणसाचे स्नायू जास्त, म्हणून त्याच्या रक्तात १.० असणे बहुधा ठीक. लहान मुलाचे स्नायू थोडे, म्हणून त्याच्या रक्तात ते बरेच कमी असायला हवे. अशा मुलाच्या रक्तात १.० आढळले, तर कचरा साचतो आहे असे समजावे.

हिशेब कसा करतात?

डॉ. श्वार्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली उंचीवर आधारलेले सूत्र मांडले. २००९ साली ते सुधारले गेले:

०.४१३ × उंची (सेंटिमीटर) ÷ क्रिएटिनिन (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर)

आमच्या मुलाचे पाहा. ०.४१३ × १०५ ÷ १.० = सुमारे ४३. दोन वर्षांवरील मुलात हा आकडा साधारण ९० किंवा त्याहून अधिक असावा. तो तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिला, तर दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हणतात. १५ च्या खाली गेला, की डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाचा विचार करावा लागतो. औषधांची मात्राही डॉक्टर याच आकड्यावरून ठरवतात.

हा अंदाज कुठे चुकतो?

आपल्या पाड्यांसाठी ही बाब महत्त्वाची आहे. कुपोषित मुलाचे स्नायू झडलेले असतात, त्यामुळे क्रिएटिनिन कमी येते आणि मूत्रपिंड आहे त्यापेक्षा चांगले दिसते. अशा वेळी डॉक्टर सिस्टॅटिन सी ही तपासणी सांगू शकतात, कारण ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते. जुलाब-उलट्यांनी मूल सुकले असेल आणि क्रिएटिनिन रोज बदलत असेल, तर हे सूत्र लावू नये. एक वर्षाखालील बाळांसाठीही ते नाही.

आपण काय करावे?

निदान डॉक्टरच करतील. पण चपला काढून, टाचा आणि पाठ भिंतीला टेकवून उंची मोजणे आपल्याला जमते. उंची आणि तारीख अहवालावर लिहा. डोळ्यांभोवती सूज, लघवीची बारीक धार, खुंटलेली वाढ किंवा फिकटपणा दिसला, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत किंवा शाळेत येते तेव्हा मूल दाखवा. सूज असेल तर पथकाची वाट न पाहता दवाखान्यात न्या. रक्तदाब मोजायला सांगा. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

तो मुलगा आज औषधांवर आहे, शाळेत जातो. गेलेले पाच महिने मात्र मला परत आणता येत नाहीत.

गटात चर्चेसाठी

१. उंची ९५ सेंटिमीटर, क्रिएटिनिन ०.८. हिशेब करा. (उत्तर: सुमारे ४९)

२. हे मूल कुपोषित असेल, तर खरा आकडा ४९ पेक्षा कमी असेल की जास्त? का?

३. आपण मदत करतो त्या वसतिगृहात उंची मोजण्याची पट्टी आहे का?