उधारीची वही आणि गिऱ्हाईकाचे नाव

नावावरून माणूस जोखला की काय होते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. सुखदेव थोरात व पॉल अॅटवेल यांनी २००५ पासून खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. सारख्याच पात्रतेच्या अर्जांत फरक फक्त नावांचा. २००७ साली निष्कर्ष छापून आले. सवर्ण हिंदू नावापेक्षा दलित नावाला बोलावणे कमी आणि मुस्लिम नावाला त्याहूनही कमी!

पण आपल्या गल्ल्यावर काय चालते? वरळीच्या बीडीडी चाळींत जानेवारी १९७४ मध्ये दलित पँथरच्या सभेपासून दंगल पेटली होती. चाळीचे ते नाव आमच्याही डोक्यात बसलेले. हार्डवेअरच्या दुकानात चाळीचा पत्ता ऐकला की आम्ही रोख मागायचो. ओळखीच्या, सलाम-दुआवाल्याला मात्र महिनाभराची उधारी.

एका वर्षअखेरीस बुडीत खाती काढून बसलो. चाळीतला एकच सुतार निघाला, तोही आजारपणामुळे थकलेला. बाकी सगळे आमचे सलाम-दुआवाले.

आता नव्या गिऱ्हाईकाला, मग तो कोणीही असो, पहिली उधारी छोटी. ती वेळेवर फिटली की मर्यादा वाढते. तारीख वहीत, सही त्याची. ओळखीचे दोघे यावर रागावले. एकाने दुकानच बदलले.