गटाची वही स्वतः वाच

अगं, ‘लाडकी बहीण’ योजनेचे दीड हजार आले की किराणा आणि पोरांच्या वह्या-पुस्तकांतच संपतात, हे मला ठाऊक आहे. संपू देत, घर आधी. पण त्यातले शंभर-दोनशे दर महिन्याला बचत गटात टाक, एवढं माझं ऐक.

हातात आलेला पैसा खर्चून जातो, गटातला फिरत राहतो. २०११ पासून आपल्या राज्यात ‘उमेद’ अभियान चालू आहे. बैठक, बचत, आपसातलं कर्ज, परतफेड आणि हिशेब ही पंचसूत्री नीट पाळणाऱ्या गटाला ३० हजारांचा फिरता निधी मिळतो. पुढे बँकेचं तीन लाखांपर्यंतचं कर्ज ७ टक्के व्याजानं. दारात येऊन आठवड्याचा हप्ता गोळा करणाऱ्या कंपन्या वीस टक्क्यांच्या वर व्याज लावतात. त्यांचं एक कर्ज फेडायला दुसरं काढणाऱ्या बायका मी सोलापुरात पाहिल्यात. तू त्या वाटेला जाऊ नकोस. आणि दुसरीसाठी आपल्या नावावर कर्ज काढायचं नाही, मग ती सख्खी जाऊ का असेना.

धंद्याचं म्हणशील, तर तुला कडक भाकरी चांगली जमते ना? मालदांडी ज्वारीचं पीठ, पातळ थापलेली, तव्यावरून उतरली की मंद आचेवर वाळवून पापडासारखी कुरकुरीत. ती बरेच दिवस टिकते, म्हणून तर पुण्या-मुंबईकडे जाते. केंद्र सरकारच्या अन्नप्रक्रिया योजनेत गटातल्या प्रत्येक सभासदामागे ४० हजारांपर्यंत बीजभांडवल मिळू शकतं, आणि स्वतःचं युनिट टाकलंस तर खर्चाच्या ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख. पण ते बँकेच्या कर्जाला जोडलेलं असतं. फुकटचं समजून अर्ज करू नकोस.

भाव ठरवताना ज्वारी, गॅस, पिशवी एवढंच धरतेस आणि पहाटेपासून चुलीपुढं बसल्याची मजुरी सोडून देतेस. तसं करू नकोस गं. ती मजुरी धरली नाहीस, तर कुठलंही अनुदान तुला पुरणार नाही.

येत्या बैठकीत सचिवाकडून वही मागून घे. तुझी बचत, तुझं कर्ज, तुझं व्याज स्वतः वाच. आकडा जुळला नाही तर तिथंच, सगळ्यांसमोर विचार.